दाभोळ खाडीतलं रासायनिक प्रदूषण स्वतः पोहणाऱ्या मायक्रोमोटरनी साफ होईल का?

खाडीत सोडून नाही. कारखान्याच्या टाकीत मात्र पुढेमागे शक्य आहे. ही मोटर म्हणजे केसाहून बारीक नळी असते, आत प्लॅटिनम, बाहेर लोखंड. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की प्लॅटिनममुळे ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि नळी धावते. लोखंडामुळे त्याच पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, बनतात, ते रंगद्रव्यांचे रेणू तोडतात. २०१३ मध्ये प्रयोगशाळेत हे सिद्ध झालं.

आपल्या खाऱ्या पाण्यासाठी मला मॅग्नेशियमच्या मोटरी जास्त आशादायक वाटतात. समुद्राचं पाणीच त्यांचं इंधन, कारण त्यातला क्लोराइड मॅग्नेशियमवर साचणारा थर फोडत राहतो. पण मॅग्नेशियम संपलं की त्या थांबतात, आणि गोळा केल्या नाहीत तर पाणी गाळून खाणाऱ्या तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांच्या पोटात जातील. म्हणून आधी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी खाडीत येण्यापूर्वीच नीट शुद्ध व्हायला हवं.