‘रेडशर्ट’ला ‘राखीव खेळाडू’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलवरच्या) लेखनात क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, जो बरोचा उल्लेख ‘रेडशर्ट सीनियर’ असा येतो. त्याचे मराठी ‘ज्येष्ठ राखीव खेळाडू’ असे करावे का?

करू नये. ‘राखीव’ या शब्दाला कबड्डी-खोखोने आपल्याकडे पक्का अर्थ दिला आहे: आत्ता बाहेर बसलेला, गरज पडली की आत येणारा. रेडशर्ट खेळाडू संघाबरोबर सराव करतो, त्याचे शिक्षण चालू असते, पण सामन्यात उतरायचे टाळतो, कारण उतरला की त्याच्या वाट्याचा एक हंगाम खर्ची पडतो. बरोच्या काळात नियम होता पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याचा. (2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही हंगाम शाबूत ठेवता येऊ लागला.) राखायचा असतो तो हंगाम, खेळाडू नव्हे.

बरोच्या कारकिर्दीत हे दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. 2015 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात तो रेडशर्ट होता. 2016 आणि 2017 मध्ये मात्र खरोखरच राखीव क्वार्टरबॅक: मोजकेच सामने वाट्याला आले, तरी दोन्ही हंगाम हिशेबात धरले गेले. मग पदवी घेऊन तो लुइझियाना स्टेट म्हणजे एलएसयूकडे गेला आणि 2018चा हंगाम खेळला. पहिल्याच वर्षी मैदानात उतरला असता तर चार हंगाम इथेच संपले असते. 2015चा राखला होता, म्हणून 2019चा मिळाला. त्या हंगामात त्याचे 60 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी), वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन पुरस्कार, आणि एलएसयूचे 15 पैकी 15 विजय! अंतिम सामन्यात त्यांनी क्लेम्सनला 42-25 असे हरवले. तो सामना 13 जानेवारी 2020चा, तरी हंगाम 2019चाच म्हणतात. आपले साखर कारखाने गाळप हंगामाला 2019-20 अशी दोन्ही वर्षे लावतात. तिकडे सुरुवातीचे एकच वर्ष लिहायची रीत आहे. भाषांतर करताना ते तसेच ठेवावे.

‘सीनियर’चे ‘ज्येष्ठ’ही चुकीचेच. एरवी सीनियर म्हणजे कॉलेजच्या चौथ्या, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. इथे मोजणी खेळाच्या हंगामांची आहे. 2019 मध्ये बरो पदवीधर झालेला होता, तरी चौथा आणि शेवटचा हंगाम खेळत होता म्हणून सीनियर. हाच हिशेब दुसरा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टनला लावून पाहा. 2013 मध्ये हाइझमन मिळाले तेव्हा फ्लोरिडा स्टेटमध्ये त्याचे दुसरे वर्ष चालू होते, पण हंगाम पहिलाच. म्हणून तो ‘रेडशर्ट फ्रेशमन’ (फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा).

मूळ शब्दाबद्दल सांगतात ते असे: 1937 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या वॉरन आल्फसन या खेळाडूने त्या वर्षी सामने न खेळता फक्त सराव करण्याची परवानगी मागितली, आणि सरावात तो क्रमांक नसलेला लाल सदरा घालत असे. आज सदऱ्याचा रंग कोणी पाहत नाही, त्यामुळे ‘लालसदरी’सारखा शब्द घडवून काही साधणार नाही. नाम म्हणून ‘रेडशर्ट’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात अर्थ सांगावा. क्रियापदाला मात्र मराठी छान सोय देते: ‘बरोने 2015चा हंगाम राखला.’ निर्णय प्रशिक्षकांचा असेल, तर ‘प्रशिक्षकांनी त्याचा हंगाम राखला.’