दवाखाना आणि क्रीज

प्रश्न : डब्ल्यू. जी. ग्रेस डॉक्टर होते म्हणतात. मग दवाखाना सांभाळून एवढं क्रिकेट कसं जमायचं? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे हे नामवंत क्रिकेटपटू खरंच डॉक्टर होते, पण पदवीला वेळ लागला. 1868 मध्ये ब्रिस्टलला वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, पात्रता मिळाली 1879 मध्ये. उन्हाळाभर सामने, म्हणून अभ्यास रखडायचा. पुढे ब्रिस्टलला दवाखाना काढला, तेव्हा उन्हाळ्यात बदली डॉक्टर बसायचा. त्याचा खर्च ग्रेस ज्याच्याकडून खेळायचे तो ग्लॉस्टरशायर क्रिकेट क्लब उचलायचा.

हात मात्र पक्का. 1887 मध्ये मँचेस्टरला चेंडूमागे धावताना क्रूम या खेळाडूच्या गळ्यात कुंपणाचा अणकुचीदार गज घुसला. टाके घालायची सुई येईपर्यंत ग्रेस यांनी जखमेच्या कडा बोटांनी घट्ट जुळवून धरल्या. जवळजवळ अर्धा तास! बोटं ढिली पडली असती तर रक्त थांबलं नसतं.

डॉक्टरकी घरातलीच : वडील हेन्री डाउनएंड या खेड्यातले डॉक्टर. थोरले बंधू ई. एम. ग्रेस हे थॉर्नबरी गावात डॉक्टर, शिवाय संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर. त्यांनी 1862 मध्ये एकाच सामन्यात नाबाद 192 काढून एका डावात दहाही बळी घेतले. त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं, याचं वाईट वाटतं.