दोन दवाखान्यांमधली रसवंती

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद.

सुरुवातीला तुझं नाव लिहिलं होतं, मग खोडलं. फोन ठेवता ठेवता तुझी आई म्हणाली, "काका, कुठं बोलू नका हं, तिच्या लग्नाचं बघतोय." बरं. मी तरी काय वेगळं केलं? माझा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन वारंवार जुलाब होण्याचा आजार, मी अकरा वर्षं सख्ख्या भावाला कळू दिला नव्हता.

तुला आधी आतड्याचा टीबी समजून औषधं दिली आणि मग क्रोन्स, म्हणजे माझ्यासारखाच आतड्याच्या सुजेचा आजार, निघाला, याचा राग तुझ्या मेसेजमधे दिसला. राग असू दे, पण आपल्याकडे टीबी आणि क्रोन्स हे दोन आजार दुर्बिणीतूनसुद्धा जुळ्या भावांसारखे दिसतात. भल्याभल्यांची फसगत होते.

मला जास्त काळजी वाटली ती तुझ्या दुसऱ्या वाक्याची. आता रिपोर्ट चांगले आहेत, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारा शौचाच्या तपासणीतला आकडा) खाली आलंय, तरी दोन महिने लोकलमधे पाय ठेवला नाहीस. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास आणि डब्यात संडास नाही. पोटाचे डॉक्टर म्हणतात, सगळं छान आहे. आई म्हणते, मनाचे खेळ. आणि फलाटावर उभी राहिलीस की पोटात खरीखुरी कळ येते.

ती कळ खोटी नाही. भीतीनं पोटात गोळा येतो असं आपण उगाच म्हणत नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची दोन्ही बाजूंनी ये-जा चालू असते. सूज ओसरल्यावरही ते जाळं बराच काळ हळवं राहतं. म्हणून तुला एकाच वेळी पोटाच्या आणि मनाच्या अशा दोन्ही डॉक्टरांची गरज आहे, आणि त्या दोघांना एकमेकांची. हे मला कसं उमगलं ते सांगतो.

२००९ मधे माझा आजार जोरात उसळला. तो आटोक्यात आला, पण मन इतकं खाली गेलं की सकाळी दाढी करायला हात उठेना. तुझ्या काकूनं मला जवळजवळ ओढतच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू केली. या गोळीनं पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना पातळ होतं, तसं मलाही झालं. मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, जुलाब सांगितले, सर्ट्रालिन मात्र पोटातच ठेवलं. लाज, दुसरं काय! त्यांना वाटलं आजार परतला. ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, सुरू केलं. त्यानं माझी झोप उडाली. रात्री दोनला उठून मी माळा आवरायला लागलो, मुलावर नको तितका ओरडलो. आता हे सगळं मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं, पण स्टेरॉइडचं नाव काढलं नाही. तो म्हणे पोटाचा विषय. त्यांनी सर्ट्रालिनचा डोस वाढवला. जुलाब वाढले. असे तीन महिने गेले. दोघांचे दवाखाने एकाच रस्त्यावर होते, मधे फक्त एक रसवंती. शेवटी दुर्बीण घातली, तर आतडं बरं झालेलं!

निम्मी चूक माझी. निम्मी त्या पद्धतीची, जिथं पोटाच्या केसपेपरवर मनाला रकानाच नसतो. ब्रिटनमधे या आजारासाठी खास नर्स असते, रुग्ण तिला फोन करतो आणि ती पुढची सूत्रं हलवते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती नर्स आपणच व्हायचं.

मी एक फुलस्केप कागद ठेवतो. त्यावर चालू असलेली प्रत्येक गोळी, कुणी दिली, कधी सुरू केली, कधी वाढवली. दात दुखला म्हणून घेतलेली वेदनाशामक गोळीसुद्धा, कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्यांनी आपला आजार चिघळू शकतो. खाली रोजचे तीनच आकडे: किती वेळा संडास, किती तास झोप, आणि दहापैकी मन किती. दोन्ही डॉक्टरांपुढे तोच कागद. तुझ्या पोटाच्या डॉक्टर मॅडमना सरळ विचार, "मानसोपचारतज्ज्ञांसाठी दोन ओळी लिहून द्याल का?" मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. फक्त आपण होऊन कुणी लिहिल्याचंही आठवत नाही.

त्या कागदाचा आणखी एक फायदा. तू लिहिलंस की सतत थकवा आहे, रडू येतं, म्हणजे डिप्रेशनच असणार. असेलही. पण तुझा क्रोन्स लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आहे आणि बी १२ नेमकं तिथंच शोषलं जातं. तेव्हा आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघून घे. रिपोर्ट घेऊनच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि स्टेरॉइड पुन्हा कधी सुरू झालं तर त्यांना त्याच दिवशी कळव. मूड त्यानं वरही जातो, खालीही. मात्र ते आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही.

"फार विचार करतेस म्हणून झालं" असं मावशी म्हणाली ना? ताणानं हा आजार होत नाही. असलेला आजार ताणानं चाळवू शकतो, ती गोष्ट वेगळी. जगभरच्या अभ्यासांची मोट बांधून २०२१ मधे जो आकडा निघाला, त्यात आपल्यासारख्या दर तिघांतल्या साधारण एकाला चिंतेची लक्षणं होती आणि चौघांतल्या एकाला नैराश्याची. मावशीला हे सांगायची गरज नाही. तुला ठाऊक असलं म्हणजे झालं.

एक गोष्ट मात्र पोटात ठेवायची नाही. जगणंच नको असं वाटलं, क्षणभर जरी, तरी त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लागतो, फुकट, मराठीतही बोलतात. फोनमधे आताच सेव्ह कर. मलाही केव्हाही फोन चालेल. या वयात तशीही झोप कमीच.

आता लोकल. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे, तुला जवळ पडेल. तिथं किंवा दुसरीकडे, पण समुपदेशकाला पहिल्याच दिवशी सांग की मला क्रोन्स आहे; नुसतं "गर्दीची भीती वाटते" म्हणू नकोस. नाहीतर ते डब्यातल्या माणसांबद्दल बोलत बसतील आणि तुझी अडचण डब्यात संडास नसण्याची. ही भीती पायरीपायरीनं घालवता येते; माझ्याकडून मानसोपचारतज्ज्ञांनी एसटीच्या बाबतीत तसंच करून घेतलं होतं. आधी नुसतं स्टँडवर जाऊन बसायचं. मग एक थांबा. पिशवीत कपड्यांचा एक जोड. तो आजतागायत एकदाही लागला नाही, पण पिशवीतून काढलेलाही नाही.

तुझ्या मॅडमना आणि समुपदेशकांना विचारून एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, स्लो लोकलमधे बस. सीएसएमटी राहू दे. पुढचंच स्टेशन कोपर.

कोपरला उतरलीस की मेसेज कर.

तुझा,
काका