पेन ड्राइव्हवरील मजकूर आणि तज्ज्ञाची साक्ष

प्रश्न : बंदी घातलेल्या माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप असलेले दिल्ली विद्यापीठातील प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्याच्या निकालावरून माझा आणि विधी शाखेत शिकणाऱ्या पुतण्याचा वाद झाला. प्रयोगशाळेतील तज्ज्ञाने जप्त साधने तपासून साक्ष दिलेली असताना, आरोपी बंदी घातलेल्या संघटनेचे सदस्य नाहीत असे न्यायालय कसे म्हणू शकते? तज्ज्ञाहून न्यायाधीशांना संगणकातले अधिक कळते का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 5 मार्च 2024 रोजी रद्द केली. (2022 मधील आधीची निर्दोष मुक्तता सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून अपिले फेरसुनावणीसाठी परत पाठवली होती.) मात्र आरोपी सदस्य नाहीत असे न्यायालयाने म्हटले नाही, सरकार पक्षाला आरोप सिद्ध करता आला नाही, असे म्हटले. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या फरकातच आहे.

संघटना दहशतवादी आहे की नाही, यासाठी आपल्याकडे तज्ज्ञ लागत नाही; बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव असले की पुरे. प्रश्न उरतो तो आरोपीचा त्या संघटनेशी असलेल्या संबंधाचा. या अधिनियमाच्या कलम 38 (सदस्यत्वाचा गुन्हा) खाली तर संघटनेच्या कारवायांना बळ देण्याचा हेतूही सिद्ध करावा लागतो. तज्ज्ञ फार तर इतकेच सांगू शकतो की सीलबंद पाकिटातून आलेल्या अमुक पेन ड्राइव्हवर अमुक फाइल होती आणि ती अमुक दिवशी तयार झाल्याची नोंद त्यात आहे. तो पेन ड्राइव्ह कोणाच्या घरातून आला, याची त्याला प्रत्यक्ष माहिती नसते आणि बाळगणाऱ्याच्या मनात काय होते हे कोणतेही यंत्र सांगत नाही.

म्हणून खरी परीक्षा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, जप्तीच्या वेळीच होते. या खटल्यात दिल्लीतील घरझडतीला बोलावलेला पंच निरक्षर होता आणि जप्तीच उच्च न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही. इलेक्ट्रॉनिक पुरावाही कायद्याप्रमाणे शाबीत झाला नाही. मुद्देमालच संशयास्पद असेल, तर त्यावरचा अहवाल कितीही काटेकोर असला तरी तो अधांतरीच राहतो. शिवाय नक्षलवादी विचारांचे साहित्य इंटरनेटवर सहज मिळते आणि ते जवळ असणे हा स्वतंत्रपणे गुन्हा होत नाही, असेही खंडपीठाने नमूद केले.

जप्तीच्या वेळी काय व्हायला हवे, हे एका उदाहरणाने सांगतो. जप्त साधनातील मजकुराचे गणिती सूत्राने ‘हॅश मूल्य’ काढतात. एका प्रचलित पद्धतीत ही 64 चिन्हांची ओळ असते आणि मजकुरात एखादा स्वल्पविराम जरी वाढला तरी सगळी ओळ बदलते. ही ओळ पंचनाम्यातच लिहिली गेली आणि प्रयोगशाळेत पुन्हा तीच मिळाली, तर मधल्या काळात कोणी हात लावला नाही हे ठामपणे सांगता येते. पंचनाम्यात ती नसेल, तर प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच्या दिवसांची हमी तज्ज्ञ कोठून देणार? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो, ही सुधारणा मला फार मोलाची वाटते. त्यापूर्वीच्या कायद्यातील अशाच प्रकारचे, कलम 65-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले होते. तो वाद आपल्याच जालना मतदारसंघातील निवडणुकीचा होता.

न्यायाधीशांना संगणक अधिक कळतो असा कोणाचाच दावा नाही. तज्ज्ञाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते आणि निष्कर्ष कोणत्या कसोट्यांवर काढला हे न्यायालयापुढे मांडणे त्याचे कर्तव्य असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये जयलाल प्रकरणात सांगितले आहे. कसोट्या समोर आल्या की न्यायाधीश त्या इतर पुराव्याशी ताडून पाहतात. शासकीय प्रयोगशाळेतील ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल त्यांना न बोलावताही वाचता येतो, पण न्यायालय त्यांना साक्षीसाठी बोलावू शकते. सदस्यत्वाच्या खटल्यात बचाव पक्षाने तसा आग्रह धरलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सील शाबूत होते का, तपासणी मूळ साधनावर केली की त्याच्या प्रतिमेवर (हुबेहूब डिजिटल प्रतीवर), हे उलटतपासणीशिवाय बाहेर येत नाही.

आपल्या पुतण्यासाठी आणखी एक गोष्ट. आरोपीला स्वतःचा तज्ज्ञ आणता येतो आणि सरकार पक्ष ज्या इलेक्ट्रॉनिक मजकुरावर विसंबतो त्याची हुबेहूब प्रतही सामान्यतः मागता येते. याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा गोपालकृष्णन निकाल त्याने अवश्य वाचावा. प्रत मागण्याचा अर्ज दोषारोप ठेवण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर.