नोट्स दिसतात, पण वाचल्या जात नाहीत

प्रश्न : माझ्या ऑनलाइन वर्गातल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर पीडीएफ नोट्स वाचतच नाही, वर्डमधल्या वाचतो, पण अगम्य काहीतरी. काय करावे?
– एक प्राध्यापिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुखणी दोन आहेत. पीडीएफ बहुधा स्कॅन केलेली, म्हणजे पानांचे फोटो. त्यांत अक्षरे नाहीतच. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर मिळेल. जोडाक्षरे, रफार आणि तक्ते मात्र बिघडतात. मूळ प्रतीशी ताडून पाहाच.

वर्डचे दुखणे फाँटचे. जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘कोल्हापूर’ दिसते, आत रोमन अक्षरे नि चिन्हे असतात. यंत्र तीच वाचते. नुसता फाँट बदलून भागत नाही, कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, आणावा लागतो. शीर्षके नुसती ठळक करू नका, ‘हेडिंग १’ ही शैली द्या. मग विद्यार्थी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची कळ (बहुधा इन्सर्ट) आणि स्पेसबार दाबून ब्राउझ मोड, म्हणजे एकेका कळीने मजकुरात फिरण्याची सोय, चालू करतो आणि ‘एच’ दाबत शीर्षकाशीर्षकाने पुढे जातो. आकृतीच्या पर्यायी मजकुरात (स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो त्या ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये) ‘आकृती ३’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. आलेख चढतो की उतरतो, ते लिहा.

एनव्हीडीए मोफत आहे. नोट्स पाठवण्याआधी मॉनिटर बंद करून एक पान स्वतः ऐका.