खाडीत मासेमारीला सुरी घ्यायचीय, डी२ (एक प्रकारचं टूल स्टील) घेऊ की स्टेनलेस?

खाऱ्या पाण्यात वापरणार असाल तर सरळ स्टेनलेस घ्या, १२सी२७ (सुऱ्यांसाठीचं एक स्टेनलेस स्टील) असेल तर उत्तमच, डी२ नको. डी२ मध्ये क्रोमियम ११-१२ टक्के असतं खरं, पण कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असल्याने बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) अडकतं आणि गंज अडवायला कमी उरतं, त्यामुळे ओली सुरी रात्रभर म्यानात राहिली की धारेजवळ तांबूस ठिपके दिसायला लागतात. १२सी२७ मध्ये कार्बन ०.६ आणि क्रोमियम १३.५ टक्के, गंजाला टिकतं आणि दगडावर पटकन धार घेतं.

घेतल्यावर टेस्ट नक्की करा, नुसता कागद कापून काही कळत नाही, नवी कुठलीही सुरी कागद कापतेच. पितळेची गोल कांडी आडवी ठेवा, धार लावतो त्याच कोनात पातं टेकवून हलकं दाबत सरकवा आणि उजेडात बघा: धार जराशी वाकून परत सरळ झाली तर हीट ट्रीटमेंट (स्टील तापवून-थंड करून कडक करणं) नीट झालीय, वाकलेलीच राहिली तर स्टील मऊ, टवका उडाला तर ठिसूळ. फक्त स्टेनलेस म्हणजे अजिबात गंजत नाही असं नाही हं, गोड्या पाण्याने धुवून कोरडी करूनच ठेवा.