पहिल्या सुईआधीची भूक

मागच्या महिन्यात धुळ्याहून एका बाईंचा फोन आला. वजन कमी करण्यासाठी पोटाच्या आत, जठराभोवती आवळणारा बँड बसवून सहा आठवडे झाले होते. "पहिला महिना वजन भराभर उतरलं, आता भूक आधीसारखीच लागतेय. बँड नीट बसला नाही का? की माझंच चुकतंय? आणि पुढच्या आठवड्यात पोटात सुई घालून तो घट्ट करणार म्हणतात, त्याची धडकीच भरलीय." हल्ली बँडची ऑपरेशनं फार कमी होतात, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढतात) आणि बायपासच (जठराचा बराच भाग वगळून अन्न पुढे आतड्यात नेतात) जास्त. पण हा प्रश्न मी जळगावात अनेक वर्षं ऐकतेय आणि दर वेळी विचारणाऱ्याचा आवाज तसाच, खाली गेलेला असतो. या बाईंशी बोलताना मला निर्मलाताई आठवत होत्या. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. त्यांची गोष्ट सांगायला त्यांची हरकत नाही.

2014 च्या एप्रिलमधली दुपार. निर्मलाताई चोपडा तालुक्यातल्या, वय 46, घरची केळीची शेती. उन्हातून आल्या होत्या, डोक्यावरचा रुमाल सोडायच्या आधीच बोलायला लागल्या. यजमान बाहेरच बाकावर बसले. उंची 155 सेंटिमीटर, ऑपरेशनच्या दिवशी वजन 104 किलो. साखरेची गोळी चालू, गुडघे धरलेले. मार्चमध्ये मुंबईला जाऊन बँड बसवला होता. पाच आठवड्यांत 96 वर आल्या आणि मग दहा दिवसांत काटा दीड किलोनं वर सरकला.

"केळीच्या एका हंगामाचा पैसा गेला, मॅडम. आणि माले तर भूक लागस." शेवटचं वाक्य अहिराणीत आलं. माणूस आतून बोलायला लागला की घरची भाषा येते, म्हणून मीही पेन खाली ठेवलं.

मी विचारलं, "ताई, त्या बँडमध्ये आत्ता काय आहे, ते कुणी सांगितलंय का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी कागदावर जठर काढून दाखवलं. वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जरा खाली, सिलिकॉनचं एक कडं. कड्याच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखा एक फुगा. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली, स्नायूवर शिवलेल्या एका बटणाएवढ्या पोर्टला मिळते. त्या पोर्टमधून सलाईन आत घातलं की फुगा भरतो आणि कडं आतून आवळतं. ऑपरेशनच्या वेळी हा फुगा बहुधा रिकामा किंवा जवळपास रिकामाच ठेवतात. कारण नुकतीच सूज असते. बँडभोवती आतलं मांस धरून तो जागेवर बसायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात आवळला आणि उलट्या झाल्या तर बँड सरकायची भीती. म्हणून पहिलं भरणं साधारण चार ते सहा आठवड्यांनी.

"म्हणजे तो रिकामाच आहे?"

"रिकामाच आहे."

"मग वजन कशानं उतरलं?"

पहिले दोन आठवडे पातळ, नंतरचे दोन मऊसर, कुस्करलेलं. तशा खाण्यावर कुणाचंही उतरलं असतं. वर ऑपरेशनची सूज थोडं आवळून धरते. सूज ओसरते, भाकरी-भाजी सुरू होते आणि भूक जिथे होती तिथे परत येते. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की आपण हरलो. निर्मलाताई रडायला लागल्या. मी त्यांना रडू दिलं. दहा दिवस त्या बाईनं स्वतःला शिव्या घातल्या होत्या, एका रिकाम्या फुग्यासाठी. घरी सोडताना त्यांच्या हातात एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. त्यात हे सगळं लिहिलेलं असणारच. पण "अजून यंत्र चालू केलेलं नाही, भूक लागेल, घाबरू नका" एवढं कुणीतरी समोर बसून मराठीत सांगायला हवं होतं. मला आजही याचा राग येतो.

इथे गोष्ट संपली असती. पण मी पहिल्या भरण्याची तारीख विचारली आणि त्यांनी नजर वळवली. तारीख चार दिवसांवर होती. त्या ती पुढे ढकलणार होत्या. आधी म्हणाल्या, रिझर्व्हेशन मिळत नाही. मग, यांना पाणी भरायच्या पाळ्या आहेत. मग, सुईची भीती. तीन कारणं एका दमात आली की मी चौथ्याची वाट बघते.

चौथं कारण आखाजी होतं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अक्षय तृतीया आमच्याकडे आखाजी. सासुरवाशिणीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके, खापरावरच्या पुरणपोळ्या, पातेलंभर आमरस. आणि आग्रह. निर्मलाताईंनी ऑपरेशनची गोष्ट माहेरी सांगितलीच नव्हती. सासरी गावातही सांगितलं होतं, पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं. "खाऊन खाऊन जाडी झाली आणि आता पैसे देऊन पोट बांधून घेतलं" हे वाक्य त्यांनी दुसऱ्या एका बाईबद्दल ऐकलं होतं. आता बँड आवळला आणि पंगतीत अर्ध्या पोळीवर हात थांबला, की वहिनी विचारणार, आई काळजी करणार, सगळं उघड होणार. त्यापेक्षा आखाजी होऊ द्यावी, सुई मग घ्यावी. आणि तोवर भूक लागते म्हणून स्वतःला दोष देत राहायचं.

"माहेरी सांगून टाका" असं मी त्यांना म्हटलं नाही. शरीर त्यांचं, घर त्यांचं. एवढंच विचारलं, की माहेरच्या पंगतीत एक माणूस असा आहे का, ज्याला कळलं तर तुम्हाला बरं वाटेल? बराच वेळ गेला. म्हणाल्या, "आई."

मग आम्ही खाण्याकडे वळलो. रुग्णालयानं लिहायला दिलेली वही त्यांनी आणली होती. सगळं कसं शिस्तीत! एक वाटी वरण, अर्धी भाकरी, भरीत. मी म्हटलं, "ताई, ही वही डॉक्टर वाचणार आणि त्यावरून किती भरायचं ते ठरवणार. यात नसलेलं काय आहे?" शेव. दुपारी चारला यजमान शेतात गेले की डब्यातून मूठ, मग दुसरी. शेव चावली की तोंडातच पीठ होते आणि बँडमधून निवांत सरकते. फरसाण, बिस्किटं, आमरस, आइस्क्रीम, सगळ्यांचं तेच. बँड घट्ट केला तरी हे पदार्थ अडत नाहीत. भाकरी अडेल, चिकन अडेल, शेव जाईल. डॉक्टरला शेव माहीत नसेल तर तो भूक बघून आणखी आवळेल आणि भाकरीही जाईनाशी होईल. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर वहीत "शेव, 2 मुठी" असं लिहिलं. त्यांचा हात थरथरत होता. मी आजवर पाहिलेल्या धीराच्या गोष्टींपैकी ती एक आहे.

जाता जाता यजमान आत आले आणि म्हणाले, चोपड्यात ओळखीचे डॉक्टर आहेत, सलाईनच तर भरायचंय, मुंबईची खेप वाचेल. चांगल्या मनानं म्हणत होते. त्यांना समजावलं, की पोर्टच्या पडद्याला साध्या सुईनं भोक पडून गळती लागू शकते. त्यासाठी वेगळ्या टोकाची सुई असते, जी काढल्यावर पडदा आपोआप मिटतो. शिवाय किती भरलं याची नोंद एकाच ठिकाणी हवी. बँडचं ज्यांना शिक्षण आहे त्यांच्याकडेच जायचं. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळीच तिकिटाची खटपट केली.

पहिली सुई कशी असते ते निर्मलाताईंनी परत आल्यावर सांगितलं, तसंच देते. टेबलावर आडवं झोपवलं. डॉक्टरांनी बोटांनी पोर्ट चाचपला, डोकं जरा उचलायला सांगितलं, म्हणजे पोटाचा स्नायू ताठ होतो आणि पोर्ट हाताला नीट लागतो. कातडी पुसली. सुई टोचली तेव्हा रक्त काढताना दुखतं तेवढंच दुखलं. काही ठिकाणी हे क्ष-किरणाखाली पडद्यावर बघत करतात, त्यांचं नुसतं हातानं केलं. त्यांच्या बँडमध्ये 10 मिली मावत होतं, पहिल्या वेळी 3 मिली भरलं. प्रत्येक बँडचं माप वेगळं असतं, म्हणून हा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळवत बसू नये. मग उठून बसवलं आणि ग्लासभर पाणी घोट घोट प्यायला दिलं. पाणी सरळ खाली गेलं. ते छातीत अडलं असतं तर तिथल्या तिथे थोडं काढून घेतलं असतं. भरलेलं काढता येतं, हे ऐकल्यावर त्यांची निम्मी भीती गेली होती. वहीतली शेव वाचून डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं लिहिलंत."

आणि तरीही परतीच्या गाडीतून त्यांचा फोन, "मॅडम, काहीच वेगळं वाटत नाही." पहिल्या भरण्यानंतर बऱ्याच जणांना काहीच वाटत नाही. योग्य जागा दोन-तीन खेपांनी, कधी त्याहून जास्त खेपांनी सापडते. मी विचारलं, दोन जेवणांच्या मधे भूक किती वेळानं लागते ते आठवडाभर बघाल का? बँडचं खरं काम तेच. त्याचा हलका दाब जठराच्या वरच्या भागाला जाणवतो आणि थोड्या जेवणावर पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो. घास अडणं म्हणजे बँड चाललाय असं पुष्कळांना वाटतं. घास अडला तर चावणं कमी पडलंय किंवा बँड जास्त घट्ट आहे.

दोन दिवस पातळ, दोन दिवस मऊ, आणि मग आखाजी. आईला त्यांनी आदल्या रात्री गच्चीवर सांगितलं. आईनं एकच विचारलं, "दुखतं का?" दुसऱ्या दिवशी पंगतीत वहिनींनी तिसऱ्यांदा पोळी पुढे केली, तेव्हा म्हातारीनं ताटावर आडवा हात धरला. "बस व्हयनं तिले." कुणी काही विचारलं नाही.

दुसरं भरणं जूनमध्ये झालं, 1 मिली. ते जास्त झालं. बाकीचं सगळं त्यांना छान जमलं होतं. जेवणाबरोबर पाणी नाही, अर्ध्या तासाआधी पिऊन घ्यायचं, नंतर तासभर थांबायचं, उरलेल्या वेळात घोट घोट, कारण आमच्याकडच्या उन्हात पाणी कमी पडून चालत नाही. पण आता चपातीचा घास छातीत बसायला लागला, रात्री आडवं झालं की आंबट वर येऊन खोकला. हे त्यांनी नऊ दिवस अंगावर काढलं. वजन उतरत होतं ना! "घट्ट आहे म्हणून तर उतरतंय, मग काढायचं कशाला?" हा विचार मला भुकेच्या काळजीपेक्षा जास्त घाबरवतो. रात्रीचा खोकला, रोजची ओकारी हे कळवण्याचं लक्षण आहे. पाणी किंवा स्वतःची थुंकीही उतरेना, पोटात जोराचं दुखलं, पोर्टची जागा लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन करायचा. मी त्यांना माझ्यासमोर फोन लावायला लावला. दोन दिवसांत जाऊन अर्धा मिली काढून आल्या. खोकला त्याच रात्री थांबला.

धुळ्याच्या बाईंना मी यातलं बरंचसं फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग सुईच्या दिवशी मी डॉक्टरांना काय सांगू?" मी म्हटलं, तीन गोष्टी लिहून न्या: भूक कधी लागते, काय अडतं, आणि वहीत जे लिहिलं नाही ते.

निर्मलाताई गणपतीनंतर पुढच्या तपासणीला गेल्या. वजन 89 होतं. डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी त्यांनी वही उघडून सांगितलं, "अर्ध्या भाकरीवर चार तास भूक लागत नाही, काही अडत नाही, शेव आठवड्यातून एकदा. आज भरू नका." डॉक्टरांनी वही वाचली, सुईचा ट्रे बाजूला सरकवला आणि दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.